कनाक कोनफळ, अळूचे पाट आणि झाडं नक्की लावायची कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे. फ्रान्समधल्या मोंपेलिएला ऍग्रोफॉरेस्ट्री, म्हणजे पिकांबरोबर झाडं वाढवायची शेती, शिकणारी आपली एक मुलगी इंटर्नशिपसाठी सहा महिने न्यू कॅलेडोनियाला, पॅसिफिकमधल्या फ्रेंच बेटांवर, चाललीय, ग्रांद तेर या मुख्य बेटाच्या ईशान्य किनाऱ्याला येंगेनच्या वरच्या खोऱ्यात एका कनाक, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, वस्तीत राहणार आहे, आणि तिचा प्लॅन असा की तिथल्या यामच्या वरंब्यांमध्ये दर सहा मीटरवर गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया, हिरवळीच्या खताचं झाड) ओळी लावायच्या, वर्षातून तीनदा छाटायच्या, पाला तिथेच आच्छादनाला टाकायचा, म्हणजे पूर्वजांचं ज्ञान आणि आधुनिक शास्त्र एकत्र येईल. हे चालेल का, असं तिने विचारलंय, म्हणून उत्तर तिलाच देतो.

सरळ सांगतो, या रूपात नाही चालणार. कल्पना वाईट नाहीये, जागा चुकलीय. मी कोकणातला माणूस, पंचवीसेक वर्षं कंदपिकं आणि चंदन यातच घालवलीत, त्यातली काही वर्षं तुकड्यातुकड्याने तिकडे, आणि पहिल्या खेपेला मीही जवळपास हाच प्लॅन घेऊन गेलो होतो, त्यामुळे तुझ्यावर हसायचा मला अधिकार नाही.

आधी पिकाचं बोलू. तू ज्याला याम म्हणतेयस ते म्हणजे आपलं कोनफळच, डायोस्कोरिया अलाटा, जात तीच. कनाक लोकांकडे मात्र ते नुसतं खायचं पीक नाही, वर्षाचं पंचांगच त्याच्यावर चालतं. तिकडे ऋतू उलटे, मे ते सप्टेंबर गार आणि डिसेंबर ते मार्च पावसाळी, वादळांचे दिवस. तर गार दिवसांत जमीन साफ करायची, जुलैपासून पुढे लावायचं, साधारण तेव्हाच व्हेल मासे बेटांजवळ यायला लागतात आणि म्हातारी माणसं त्याची आठवण करून देतात, मग फेब्रुवारी मार्चला नवं कोनफळ निघतं. ते आधी मोठ्या घराकडे, मुखियाकडे, चर्चमध्ये जातं आणि मगच बाकीच्यांनी खायचं. आपल्याकडे नव्याची पुनव झाल्याशिवाय नवा तांदूळ रांधत नाहीत ना, भावना तीच, फक्त तिकडे अजून कडक पाळतात. लग्नात, मयताला, समेटाला कोनफळं मांडली जातात आणि त्यांना माणसासारखं डोकं असतं, अंग असतं. वरचं डोकं पुढच्या वर्षाच्या बेण्याला ठेवायचं, खालचं अंग खायचं. कुठलं कोनफळ मुखियाचं, कुठलं रोजच्या जेवणाचं हेही ठरलेलं असतं, आणि पहिलं कोनफळ बाजारात विकायला नेलेलं मी कधी पाहिलं नाही.

आता या पिकाला काय लागतं? भुसभुशीत खोल माती, पाण्याचा निचरा आणि ऊन, भरपूर ऊन. कनाक वरंबा म्हणजे आसपासची सगळी वरची सुपीक माती ओढून एका ठिकाणी आणलेली, काही जुने वरंबे कमरेइतके उंच आणि लांबच्या लांब, चंद्रकोरीसारखे वळलेले अजूनही डोंगरांवर दिसतात. ती माती एवढी कष्टाने गोळा करायची आणि तिच्यात शेजारून गिरिपुष्पाची मुळं घुसवायची, हे कुठल्या म्हाताऱ्याला पटणार? मी स्वतःच्या बागेत नारळाच्या दोन ओळींमध्ये कोनफळ लावून बघितलंय, वेल झकास, पानं हिरवीगार, आणि खणलं तर मुठीएवढा कंद. वर सावलीत दव उशिरापर्यंत पानांवर राहतं आणि कोनफळाचा सगळ्यात मोठा शत्रू, करपा, त्याला तेच हवं असतं. करपा एकदा जानेवारीत शिरला की आठपंधरा दिवसांत आख्खा मांडव जळल्यासारखा काळा पडतो. म्हणून वरंब्यावर सावली नको, आणि हे त्यांना तुझ्या माझ्या आधी तीन हजार वर्षं माहितीय. खरंच तीन हजार, लापिता भांडी करणारे लोक साधारण तेव्हा या बेटांवर आले, आणि त्या भांड्यांना नावही इथल्याच कोनेजवळच्या जागेवरून मिळालंय.

मग ऍग्रोफॉरेस्ट्री कुठे? पडीत. लोक इथेच चुकतात. आपण शेताचा एका दिवसाचा फोटो बघतो आणि म्हणतो यात झाडं नाहीत, आणूया. अरे पण कनाक शेत हे एका जागचं नसतंच, ते फिरतं. एक तुकडा साफ केला, पहिल्या वर्षी कोनफळ कारण जमिनीचा पहिला जोर त्याचा हक्काचा, मग कोरडं अळू, रताळं, केळी, ऊस, भेंडीच्या कुळातली ती पालेभाजी जिला तिकडे कनाक कोबी म्हणतात, आणि मग तुकडा सोडून द्यायचा दहा वर्षं, जमली तर जास्त. आपल्याकडे कुमरी म्हणायचे तसंच काहीसं. त्या दहा वर्षांत तिथे जे उगवतं ते रान नाही, तो शेताचाच अर्धा भाग आहे, फक्त झाडं आणि पीक शेजारी शेजारी नसून एकामागून एक येतात. तुझ्या प्रोफेसरांच्या भाषेत याला काय म्हणतात ते तुला माहीतच असेल, पण तिथल्या माणसाला विचारलंस तर तो म्हणेल जमीन झोपलीय.

आणि बिघाड झालाय तो या झोपेत. १८५३ ला फ्रान्सने बेटं ताब्यात घेतली, मग सपाट जमिनींवर गुरं आली आणि गुरं कुंपण नसलेल्या कोनफळ-अळूत शिरली. १८७८ च्या उठावामागे जमिनीबरोबर हे एक कारण होतं, अताई नावाच्या मुखियाचं म्हणणं सांगतात की माझं अळू जेव्हा तुमची गुरं खायला जाईल तेव्हा मी कुंपण घालीन. उठाव मोडला, लोकांना हाकलत हाकलत राखीव तुकड्यांत कोंबलं, एकोणिसावं शतक संपताना ग्रांद तेरवरची दहा टक्क्यांहूनही कमी जमीन कनाक लोकांकडे उरली होती. लॉयल्टी बेटं मारे, लिफू, उवेआ तेवढी वाचली. आता तूच सांग, दहा वर्षं पड ठेवायला जागा कुठून आणणार? पड आखडली, पाच वर्षं, तीन वर्षं, माती सावरायच्या आत पुन्हा वरंबा. त्यात वारंवार लागणारी आग, त्यामुळे पश्चिमेच्या उतारांवर नियाउलीशिवाय, म्हणजे आगीतही तगणाऱ्या तिथल्या एका झाडाशिवाय, फार काही उगवत नाही. म्हणजे ज्ञान कमी पडलं म्हणून माती गेली नाही, ज्ञानाला लागणारी वर्षं आणि जमीन काढून घेतली म्हणून गेली. हे डोक्यात पक्कं ठेव, नाहीतर तिथे जाऊन तू चुकीच्या माणसाला शिकवायला बसशील.

तर आधुनिक शास्त्राचं काम एवढंच, की दहा वर्षांची पड जे करायची ते चारपाच वर्षांत जमेल तेवढं करून द्यायचं, आणि त्या वर्षांतून घराला काहीतरी मिळवून द्यायचं म्हणजे लोक ती पड मोडणार नाहीत. तुझा गिरिपुष्पही इथे चालेल, पण त्याच्या आधी तिथलीच झाडं बघ. गाइयाक म्हणतात ती आकेशिया स्पायरॉर्बिस, बाभळीच्या गोत्रातली, हवेतला नत्र धरते आणि निकेल-क्रोमियमने भरलेल्या लाल मातीतही तग धरते, जिथे आपल्या नर्सरीतली रोपं पिवळी पडून मरतात. तिथली सुरू, त्याला आयर्नवूड म्हणतात, तीही नत्र धरणारी. पांगारा तर त्यांचा स्वतःचाच आहे, सरळ उभा वाढणारा, फांदी खोचली की लागतो, बांधाला आणि वाऱ्याला आडोसा म्हणून उत्तम. सुबाभूळ मात्र नको. तिकडे ती आधीच मोकाट सुटलीय, आणि सुबाभूळ एकदा मोकाट सुटली की काय होतं हे महाराष्ट्रातल्या माणसाला सांगायला नको.

शेवटच्या पिकातच, म्हणजे रताळं-केळी उभी असतानाच ही झाडं लावून टाकायची. केळीच्या सावलीत रोप जगतं आणि वेगळी निंदणी लागत नाही. एक सांभाळ, कोनफळाला जर सूत्रकृमी लागला असेल, कंदाच्या सालीखाली कोरडी तपकिरी कूज दिसते बघ, तर लगेच केळी लावू नको, तोच कृमी केळीलाही धरतो. मध्ये एक हंगाम ताग टाक.

आता पैशाचं. लॉयल्टी बेटांवर आणि दक्षिणेच्या ईल द पँ या बेटावर चंदन आहे, तिथलं स्वतःचं, सॅंटालम ऑस्ट्रोकॅलेडोनिकम. १८४० च्या दशकात युरोपियन व्यापारी या बेटांवर आले ते मुळात याच्याच मागे आणि थोड्या वर्षांत किनारे ओरबाडून निघून गेले. चंदन अर्धं परजीवी, स्वतः खातं पण मुळांनी शेजाऱ्याकडूनही घेतं, म्हणून त्याला यजमान लागतो. आपल्याकडे लोक तूर लावतात पहिल्या वर्षांत आणि मग पुढचा यजमान लावायचा विसरतात, तिसऱ्या वर्षी तूर वाळली की चंदनही बसतं, असे प्लॉट मी विदर्भात मराठवाड्यात किती बघितले असतील. गाइयाक हा तिकडे चंदनाचा चांगला यजमान आहे, आणि गाइयाक तर तू पडीसाठी लावणारच होतीस! म्हणजे पडीत गाइयाक, गाइयाकच्या मुळाशी चंदन, मातीही सुधारते आणि वीस पंचवीस वर्षांनी गाभाही हाती येतो.

मात्र याच वीस पंचवीस वर्षांत गोची आहे, आणि ती झाडाची नाही, माणसांची आहे. माझाच किस्सा सांगतो. पूर्व किनाऱ्यावरच्याच एका खोऱ्यात मला एका कुटुंबाने पडीचा तुकडा दाखवला, हो म्हणाले, मी खूश, दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन बांबूच्या खुंट्या ठोकत सुटलो. चाळीसेक ठोकल्या असतील. दुपारी एक म्हातारेबाबा आले, काही बोलले नाहीत, एकेक खुंटी उपटली, टोकाची माती बोटाने पुसली, सगळ्यांची मोळी वेलाने बांधली आणि माझ्या हातात दिली. मग खाली बसले आणि मला तंबाखू आहे का विचारलं. राग नव्हता बरं का, त्यांनी एकही खुंटी मोडली नव्हती.

झालं होतं असं की ज्या कुटुंबाने मला जागा दाखवली ते तिथे कोनफळ लावू शकत होतं, कारण त्यांना तेवढी मुभा होती. जमिनीचं मूळ घराणं वेगळं. कोनफळ सहाआठ महिन्यात निघतं, त्याने कुणाचा हक्क हलत नाही, पण झाड लावलं आणि ते वीस वर्षं उभं राहिलं की उद्या कोणीही म्हणू शकतं, हे आमच्या आजाने लावलं म्हणजे जमीन आमची. मेलानेशियात, म्हणजे पॅसिफिकच्या या भागातल्या बेटांवर, सगळीकडेच हे आहे, झाड हा कागद आहे. कॉफीच्या वेळी याच कारणाने भांडणं झालेली. नारळाच्या, अरोकेरियाच्या (तिथलं सरळसोट उंच सूचिपर्णी झाड) रांगा बघून आजही जुन्या वस्त्यांच्या जागा ओळखतात. आणि कायद्यानेही तिथली पारंपरिक जमीन विकता येत नाही, जप्त होत नाही, कुणाला देऊन टाकता येत नाही, म्हणजे सातबारा बघून विषय संपवायची सोयच नाही. तेव्हा आधी विचारायचं जमिनीचं घराणं कोणतं, मग लावणाऱ्यांचं, मग त्यांच्या मामाकडचे. हो, मामा. कनाक समाजात आईच्या भावाचा मान फार मोठा, आपल्याकडे लग्नात मामा लागतो तिकडे जन्मापासून मरणापर्यंत लागतो. मला शेवटी चार महिने लागले, आणि ठरलं ते असं की मूळ घराण्याच्या माणसाने पहिलं रोप स्वतःच्या हाताने लावायचं आणि गाभा निघेल तेव्हा वाटा कसा हे सगळ्यांसमोर तोंडी बोलायचं. तू सहा महिन्यांसाठी चाललीयस, म्हणून हे जास्त सांगतोय.

आता अळू. येंगेनकडे पाऊस भरपूर, मागे माँ पानिए, १६२८ मीटर, बेटावरचं सगळ्यात उंच शिखर. कोनफळ कोरडं आणि पुरुषाचं, अळू पाण्याचं आणि बाईचं असं ते मानतात आणि दोन्ही मिळून घर चालतं. डोंगराच्या अंगावर पायऱ्यापायऱ्यांची अळूची खाचरं होती, वरून ओढ्याचं पाणी पाटाने आणून एका पायरीतून दुसरीत सोडलेलं. साथी आल्या, लोक हलवले गेले, माणसं कमी झाली आणि पाट राखायला हात उरले नाहीत, तशी बहुतेक खाचरं ओस पडली, पण आकार अजून दिसतात, संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की आख्खा डोंगर जिन्यासारखा दिसतो. यातली दोनतीन पुन्हा चालू करणं हे मला विचारशील तर तुझ्या गिरिपुष्पाच्या ओळींपेक्षा कितीतरी मोलाचं काम आहे. तांत्रिक मदत लागते ती साधी: ए आकाराची चौकट आणि ओळंबा घेऊन पाटाची जुनी रेघ शोधायची, जिथे दरड कोसळून तुटलीय तिथे वीस-तीस फूट प्लास्टिक पाईप टाकायचा, कडांना वाळा लावायचा. पाणी हळू पण वाहतं हवं, साचून गरम झालं की मुळं कुजतात, पायाला पाणी कोमट लागलं तर समज कुठेतरी तुंबलंय. आणि झाडं हवीत ती पाटाच्या उगमावर, ओढ्याच्या वरच्या अंगाला. तिथलं जंगल जळलं तर खाली पायऱ्या बांधून काही उपयोग नाही.

अळूच्या जाती मिळतील तेवढ्या गोळा करून लावायच्या, एकच भारी जात सगळीकडे नको. १९९३ ला सामोआत अळूवर पानकुज आली, तिथे निर्यातीसाठी बहुतेक एकच जात होती, बघता बघता निर्यात बंद. कनाक बायका लग्न होऊन येताना माहेरचं बेणं आणतात, त्यामुळे एका घराच्या परसातल्या जाती म्हणजे त्या घराच्या सोयरिकींची यादीच असते. हे बेणं मागताना जपून, आणि कुठल्या जातीची गोष्ट थिसिसमध्ये लिहायची, कुठली नाही, ते ज्याचं बेणं त्याला विचारायचं. नाही म्हणाले तर नाही.

मघाशी कॉफीचं नाव घेतलं, त्याचंही सांगून टाकतो. जुन्या कनाक कॉफीवर सावली असायची, शिरीष वगैरेची, झाडाखाली केळी, अळू, उत्पादन बेताचं पण काम हप्त्याहप्त्याने. १९७० च्या दशकाच्या शेवटी मोठी योजना आली, सावली तोडा, उन्हातली कॉफी लावा, खतं घाला, उत्पादन वाढेल. वाढलंही असतं, पण त्या कॉफीला निंदणी खत बारा महिने लागायचं आणि नेमकं कोनफळाच्या, लग्नांच्या, मयताच्या दिवसांत माणूस कॉफीत थांबणार नाही. मग १९८० च्या दशकातली राजकीय धुमश्चक्री, बागा रानात गेल्या. तुझ्या प्लॅनमध्ये वर्षातून तीन छाटण्या आहेत, त्या कोण करणार आणि कुठल्या महिन्यात, एवढं कागदावर लिहून बघ. डिसेंबरच्या आधीची एक छाटणी मात्र लिहूनच ठेव, २००३ च्या मार्चमधल्या एरिका वादळासारखं काही आलं तर न छाटलेलं झाड जवळच्या सगळ्यावर आडवं होतं.

अजून दोन गोष्टी, ज्या कुठल्याही पेपरात मधल्या पानावर असतात आणि शेतात पहिल्या दिवशी भेटतात. पहिली, हरणं. रुसा हरीण, १८७० मध्ये बाहेरून आणलेलं, आता जंगलाचं आणि शेताचं दोन्हीचं वाटोळं करतंय. रोपं लावायच्या आधी कुंपणाचा हिशोब कर, सहासात फुटांच्या खालचं कुंपण ते सहज ओलांडतं. पांगाऱ्याचे जिवंत खांब आणि जाळी असं केलं तर निम्मा खर्च वाचतो, गिरिपुष्पही इथे खांब म्हणून लाव, आपल्याकडे बांधावर लावतो तसा. दुसरी, इलेक्ट्रिक मुंगी. इवलीशी, पिवळट, चावली की निखारा लागल्यासारखं होतं, आणि ती रोपांच्या पिशवीतून पसरते. नर्सरीतून आलेल्या प्रत्येक खेपेला, प्रत्येक पिशवीत आईसक्रीमच्या काडीला शेंगदाण्याचं बटर लावून तासभर ठेवायची, मग बघायचं. कंटाळा करू नको. एका वस्तीत बाया कोनफळाच्या वाफ्यात बसायला तयार नव्हत्या कारण कुणीतरी फुकट मिळालेली फळझाडं न बघता आणली होती.

जाण्याआधी: राजधानी नुमेआत दोन दिवस मिळाले तर जिबाऊ सेंटरमध्ये, कनाक संस्कृतीच्या केंद्रात, जा, १९९८ ला उघडलंय, इमारत रेन्झो पिआनोची म्हणून लोक फोटो काढतात पण तू मागची कनाक वाट चाल, कोनफळ, अळू, अरोकेरिया, नारळ हे एकमेकांशी काय नात्याने उभे असतात ते तिथे लावून दाखवलंय. ज्यांचं नाव या सेंटरला आहे ते कनाक स्वातंत्र्य चळवळीचे नेते ज्याँ-मारी जिबाऊ तुझ्या येंगेनजवळच्याच वस्तीतले. कृषी संशोधनासाठी तिथल्या आयएसी संस्थेत बोल. आणि वस्तीत शिरताना दोन-तीन मीटर कापड, तंबाखू, एखादी नोट हातात घेऊन आपण कोण, कुठून आलो, कशासाठी आलो हे चार वाक्यांत सांगायचं, याला ते कुत्युम म्हणतात, मुखियाच्या घरापासून सुरू करायचं. फ्रेंच मोडकी असली तरी चालते, डोळे खाली ठेवून हळू बोललं की झालं.

तू एप्रिलमध्ये पोचतेयस म्हणजे नवं कोनफळ नुकतंच होऊन गेलेलं असेल आणि लावणीला अजून वेळ. हे उलट बरंय. मे-जूनमध्ये पुढच्या वरंब्यांसाठी पड तोडायला लोक निघतील तेव्हा कोयता घेऊन त्यांच्या मागे मागे चाल, आणि तोडलेली झाडं मोजत बसू नको. जी तोडत नाहीत, ज्यांना वळसा घालून पुढे जातात, किंवा नुसत्या फांद्या उतरवून खोड ठेवतात, ती लिहून घे, कुणी ठेवलं, कुठल्या कडेला आहे, त्याचं त्यांच्या भाषेतलं नाव काय. ती यादी झाली की मला पाठव, मग गिरिपुष्पाचं बघू.